मालवणात सूर्यास्तानंतर काय?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी मालवणच्या बंदर जेटीवर, सिंधुदुर्ग किल्ल्यावरून शेवटच्या होडीने परतलेल्या एका कुटुंबाने मला विचारले की, आता रात्री इथे पाहण्यासारखे काही आहे का. आई-वडील, आजी आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा असे चौघे होते. सकाळी तारकर्लीच्या समुद्रात उतरून झाले होते, दुपारी किल्ला झाला होता, आणि अजून एक पूर्ण रात्र त्यांना मालवणात काढायची होती. त्याच रात्री तासाभराच्या वाटेवरच्या एका गावात देवाची वार्षिक जत्रा होती आणि जत्रेत दशावतारी नाटक होते. ही गोष्ट त्यांना होडीवाल्याने सांगितली नव्हती, ते उतरले होते तिथल्या कोणी सांगितली नव्हती, आणि गाडीच्या चालकाला ती ठाऊक असूनही पाहुण्यांना त्यात रस असेल असे त्याच्या मनातही आले नव्हते. मी सांगितल्यावर ते गेले. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटले तेव्हा आजी म्हणाल्या की, पहाटे तीनपर्यंत नाटक पाहिले, नातू एकदाही पेंगला नाही, पण सुरुवातीला देव येऊन नाचून का जातात आणि तो काळा राक्षस तेवढा मालवणीत का बोलतो, हे विचारायला जवळ कोणी नव्हते.

आधी कळलेच नाही, आणि कळले तेव्हा समजावून सांगणारे कोणी नव्हते. या दोन अडचणी त्या एका कुटुंबाच्या नाहीत. मालवणात दर हंगामात येणाऱ्या हजारो माणसांच्या त्या आहेत, आणि त्या दूर करणे आपल्या हातात असताना आपण ते केलेले नाही, हे सांगण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला आणि १९९७ मध्ये तो देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली आणि देवबाग येथे जे उभे राहिले ते समुद्राच्या आणि दिवसाच्या उजेडाच्या आधारावर उभे राहिले. पाण्याखालची सफर, नौकाविहार, वाळूवरचे खेळ आणि घरगुती निवास यांनी इथल्या तरुणांना गावातच काम दिले. मुंबईची वाट धरावी लागली नाही असे माझे कितीतरी विद्यार्थी आज या व्यवसायात आहेत, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. परंतु सहा-साडेसहाला दिवस मावळला की या सगळ्या करमणुकीवर पडदा पडतो. पाहुणा जेवतो, खोलीत जातो आणि सकाळी निघून जातो. मालवणला दोन रात्री राहिलेल्या माणसाने खरे तर मालवणचे अर्धेच दर्शन घेतलेले असते.

यात सर्वांत दुःखाची बाब अशी की, आपल्या जत्रांचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम जवळजवळ एकच आहे. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि मृगाच्या पावसाआधी दशावतारी मंडळे आपले पेटारे बंद करतात. पर्यटकही दिवाळीच्या सुट्टीपासून येऊ लागतात आणि मेअखेरीस किल्ल्याची होडी वाहतूक बंद होते तेव्हा थांबतात. या सहा-सात महिन्यांत मालवण, कुडाळ, वेंगुर्ला आणि सावंतवाडी या चार तालुक्यांत कुठे ना कुठे नाटक नाही अशी रात्र क्वचितच जाते. कोणत्याही शहराने यासाठी नाट्यमहोत्सव भरवला असता आणि त्याची वर्षभर आधी जाहिरात केली असती. आपल्याकडे तो महोत्सव आपोआप, देवाच्या तिथीनुसार, पिढ्यान्‌पिढ्या भरतो आहे, आणि तरीही जेटीवरच्या पाहुण्याला त्याची वार्ता नसते.

ज्यांनी जत्रेची रात्र पाहिलेली नाही त्यांच्यासाठी ती थोडी सविस्तर सांगते. मंडळी संध्याकाळी गावात पोहोचतात आणि पेटारा देवळात ठेवून त्यातल्या गणपतीची पूजा करतात. या पेटाऱ्यात वेश, मुकुट आणि शस्त्रे असतात, आणि कलाकारांच्या लेखी तो स्वतःच पूजेचा विषय असतो. तोंड रंगवणे ज्याचे त्याने करायचे असते. पालखीची प्रदक्षिणा होऊन देव पुन्हा स्थानावर बसला की मध्यरात्रीच्या आसपास नाटक उभे राहते. रंगमंचावर एक बाकडे असते; तेच सिंहासन, तेच अरण्यातली शिळा आणि तेच ऋषींचे आसन. बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. पूर्वी हे सारे दिवट्यांच्या उजेडात चाले, मग पेट्रोमॅक्स आल्या आणि आता वीज आहे, पण बाकड्याची जागा दुसऱ्या कशाने घेतलेली नाही.

पहिला भाग आडदशावताराचा. गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि मग काळ्या वेशातला, लोंबत्या लाल जिभेचा संकासुर. त्याने वेद चोरलेले असतात आणि विष्णूला त्यासाठीच मत्स्यावतार घ्यावा लागतो. देव गंभीरपणे वावरत असताना हा संकासुर मात्र गावच्या बोलीत बोलतो, समोर बसलेल्यांची विचारपूस करतो, गावातल्या उणिवांवर बोट ठेवतो आणि पोरांना हसवतो. त्या आजींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. देवांची भाषा पुराणाची आहे, संकासुराची भाषा जत्रेला जमलेल्या माणसांची आहे, आणि त्याच्या तोंडून गावाला स्वतःविषयी ऐकता येते. त्यानंतर मुख्य आख्यान लागते, ते पहाटेपर्यंत चालते आणि शेवटी दहीकाला होतो. म्हणूनच मालवणी माणूस या सबंध नाटकाला ‘धयकालो’ म्हणतो.

या आख्यानाची लिखित संहिता नसते, ही गोष्ट बाहेरच्या रसिकाला सांगितली की तो थक्क होतो. मंडळातला जाणता माणूस कथानक सांगतो, कोणी कोणती भूमिका करायची ते ठरते, आणि राजा, ऋषी, राक्षस किंवा स्त्रीपार्ट करणारा पुरुष कलाकार रंगमंचावर उभे राहून आपले संवाद आपणच रचतो. समोरच्याने धर्मशास्त्रातला मुद्दा काढला तर त्याला त्याच क्षणी, त्याच उंचीच्या भाषेत उत्तर द्यावे लागते. पुराणे कानावरून मुखोद्गत झालेली, उच्चार स्वच्छ, आणि पदाचा सूर पायपेटीशी जुळलेला, अशी तयारी असलेले कलाकार दिवसा शेतात राबतात, गवंडीकाम करतात किंवा रिक्षा चालवतात. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण आपल्याकडे त्यांच्यावरूनच पडली.

आता ज्या प्रकाराने माझे मन सर्वांत अधिक व्यथित होते त्याविषयी. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या निवासस्थानी स्नेह्यांच्या कार्यक्रमासाठी जाण्याचा योग आला. तिथे जेवणाच्या वेळी ‘स्थानिक लोककला’ म्हणून दशावतार ठेवलेला होता. ध्वनिमुद्रित गाण्यावर तीन कलाकार मुकुट घालून पंधरा मिनिटे नाचले, पाहुण्यांनी ताटे हातात घेऊन त्यांच्यासोबत छायाचित्रे काढली आणि कार्यक्रम संपला. संवाद एकही नव्हता. त्या तिघांपैकी एकाचे राजाचे काम मी एका जत्रेत पाहिलेले होते. भर सभेत कृष्णाशी वाद घालताना त्याने केलेली दहा मिनिटांची अखंड स्वगतवजा मांडणी मला अजून आठवते. त्या कलाकाराला तिथे बोलूच दिले नव्हते. त्याला मी दोष देत नाही, कारण मंडळाला एका रात्रीच्या नाटकासाठी मिळणारे मानधन सगळ्या नटांत आणि वादकांत वाटले की हातात फार थोडे उरते, आणि पंधरा मिनिटांसाठी कोणी बरी रक्कम देत असेल तर ती नाकारणे सोपे नाही. दोष आहे तो दशावतार म्हणजे मुकुट आणि नाच अशी समजूत करून देणाऱ्यांचा. पाहुण्याला खरे नाटक दाखवण्याचा प्रयत्नच न करता, त्याला ते झेपणार नाही असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत तीन-तीन तास बसणारा, संगीत नाटकांवर प्रेम करणारा मराठी प्रेक्षक मालवणात आल्यावर पंधरा मिनिटांपुरता रसिक होतो, असे मानण्याला कोणताही आधार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, जत्रेचा तुकडा कापून पर्यटकाच्या ताटाशेजारी नेण्याऐवजी पर्यटकाला जत्रेच्या मांडवात आणून बसवावे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गावोगावच्या जत्रांच्या तिथी पंचांगावरून आधीच कळतात आणि कोणत्या गावी कोणते मंडळ नाटक करणार हेही बहुतेक ठिकाणी परंपरेने ठरलेले असते. दर महिन्याची यादी तयार करून ती बंदर जेटी, एसटी स्थानक, कुडाळ रेल्वे स्थानक आणि चिपी विमानतळावर लावता येईल आणि प्रत्येक निवासस्थानाच्या दाराशी देता येईल. मराठीसोबत हिंदी, कन्नड आणि इंग्रजीतही ती असावी, कारण बेळगाव आणि हुबळीकडून येणारा पाहुणा आपल्याकडे मोठ्या संख्येने असतो. यादीच्या पाठीमागे आडदशावतार म्हणजे काय, संकासुर कोण, आणि देवळाच्या आवारात कसे वागावे, एवढे एका पानात लिहिले तरी त्या आजींसारख्या प्रेक्षकाचा अर्धा प्रश्न सुटेल.

याला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. जत्रा हा देवाचा उत्सव आहे, ती करमणुकीची जागा नाही, आणि गाड्या भरभरून माणसे येऊ लागली तर देवळाचे पावित्र्य आणि गावाची शांतता दोन्ही बिघडतील, असे अनेक मानकऱ्यांना वाटते. ही भीती खोटी नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला लोटणारा जनसमुदाय आपण दरवर्षी पाहतो, आणि एखाद्या शंभर उंबऱ्यांच्या वाडीला त्याच्या शतांशाइतकीही गर्दी पेलणार नाही. त्यामुळे यादीत कोणत्या गावाचे नाव असावे हे त्या गावाच्या मानकऱ्यांनी आणि देवस्थान समितीने ठरवावे, आणि ज्यांना नको आहे त्यांचे नाव कोणत्याही परिस्थितीत छापू नये. मांडवात प्रकाशझोत टाकून छायाचित्रे काढणे, नाटक चालू असताना रंगमंचासमोरून ये-जा करणे, मद्यपान करून येणे या गोष्टींना मनाई असल्याचे यादीवरच स्पष्ट लिहावे. माझा अनुभव असा आहे की जत्रेत आलेल्या पाहुण्याला कोणी प्रेमाने चटईवर जागा करून दिली की तो फार नम्रपणे वागतो. बेशिस्त होते ती जिथे त्याला गिऱ्हाईक म्हणून वागवले जाते तिथे.

ज्यांना रात्रभर जागणे शक्य नाही, त्यांच्यासाठी शहरातल्या मामा वरेरकर नाट्यगृहात हंगामात आठवड्यातून एक संध्याकाळ दशावतारासाठी राखून ठेवावी. नाटक दोन तासांचे असावे, पण त्यात आख्यान पूर्ण असावे, पायपेटी आणि पखवाज प्रत्यक्ष वाजावेत, आणि आरंभी एखाद्या जाणत्या कलाकाराने दहा मिनिटे त्या रात्रीची कथा आणि पात्रे यांची ओळख करून द्यावी. मंडळाला जत्रेइतके तरी मानधन मिळेल अशी तरतूद नगरपरिषद आणि पर्यटन व्यावसायिक यांनी मिळून केली, तर आज पंधरा मिनिटांच्या नाचाला जाणारे कलाकार अभिमानाने पूर्ण नाटकाला उभे राहतील.

दशावताराविषयी मी इतके लिहिले ते तो माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून. पण इतिहासाच्या बाबतीतही आपण याच सवयीने वागत आहोत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत सिंधुदुर्ग आहे, शेजारचा विजयदुर्गही आहे. पाहुणा होडीतून उतरतो तेव्हा त्याच्या हातात साधारण तासाभराचा अवधी असतो. एवढ्या वेळात तो शिवराजेश्वराचे, म्हणजे किल्ल्यातल्या मंदिरातल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीचे, दर्शन घेतो, चुन्यातला हाताचा आणि पायाचा ठसा पाहतो, समुद्राच्या मधोमध गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींत डोकावतो आणि परत फिरतो. कुरटे बेटावर हाच किल्ला का बांधला, जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि वेंगुर्ल्याला वखार घालून बसलेले डच यांच्यामध्ये शिवाजी महाराजांना आरमाराचे ठाणे इथेच का हवे होते, हे त्याला क्वचितच कोणी सांगते. प्रवेशद्वार तटाच्या वळणात असे दडवले आहे की अनोळखी गलबताला ते समुद्रातून दिसू नये, हे त्याच दारातून आत आलेल्या माणसाला बाहेर पडेपर्यंत कळत नाही. शिवराजेश्वराच्या मूर्तीच्या डोक्यावर नावाड्याची वाटावी अशी टोपी आहे. आमच्या दर्यावर्दी माणसांनी महाराजांना आपल्यातले एक मानले, एवढे त्या टोपीकडे बोट दाखवून सांगितले तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते, हे मी विद्यार्थ्यांच्या सहलींत अनेकदा पाहिले आहे.

किल्ल्याच्या बांधकामाचा प्रारंभ २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाला, आणि त्या वेळची पूजा ज्या खडकाजवळ झाली तो मोरयाचा धोंडा जेटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर किनाऱ्यावर आहे. त्यावर गणेश, चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्यावर जाणाऱ्यांपैकी फार थोडे तिथपर्यंत पोहोचतात. संध्याकाळी जेटीवर परतलेल्या पाहुण्यांना बरोबर घेऊन मोरयाच्या धोंड्यापर्यंत चालत जावे आणि वाटेत, समोर किल्ला काळवंडत असताना, १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस हे नाव कसे दिले, तो कोल्हापूरकरांना परत कसा मिळाला आणि १८१२ मध्ये मालवण इंग्रजांकडे कसे गेले ही हकीकत सांगावी, असा उपक्रम इथल्या महाविद्यालयातले विद्यार्थी थोड्या प्रशिक्षणाने सहज चालवू शकतील. त्यासाठी वाटाड्यांची परीक्षा घेऊन त्यांना ओळखपत्र द्यावे, कारण पाठ केलेल्या दंतकथा सांगणारा वाटाड्या नसण्यापेक्षाही अधिक नुकसान करतो.

मालवणपासून फार दूर नसलेली आणखी तीन ठिकाणे याच यादीत यायला हवीत. तालुक्यातल्याच कुडोपीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पे आहेत. गावकरी त्या जागेला बाहुल्यांचा सडा म्हणतात आणि कोकणातल्या इतर कातळशिल्पांसह ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रे दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्याचे रूपांतर या कलेच्या संग्रहालयात केले आहे. सावंतवाडीला शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुन्हा उभी केलेली गंजिफा, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाची पाने, आजही राजवाड्यात हाताने रंगवली जाते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच आणि एकूण १२० गोल पाने असतात. जत्रेत संकासुर पाहून आलेल्या मुलाच्या हाती मत्स्यावताराचे पान दिले तर त्याला ते कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

शेवटी, आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. जिल्हा आवृत्तीत जत्रोत्सवांच्या बातम्या आपण नियमाने छापता, आणि आम्ही इथले लोक त्या वाचूनच रात्री घराबाहेर पडतो. परंतु त्या बातम्या गाव माहीत असलेल्या वाचकासाठी लिहिलेल्या असतात. कार्तिकापासून मेअखेरपर्यंत रोज एका ठरावीक जागी, ‘आज रात्रीचे दशावतार’ अशा मथळ्याखाली, ज्या देवस्थानांची संमती आहे त्यांची गावे, मंडळाचे आणि आख्यानाचे नाव, नाटक उभे राहण्याची अंदाजे वेळ, मालवण आणि कुडाळहून जाण्याचा रस्ता आणि परतीच्या पहिल्या एसटीची वेळ एवढे आपण छापावे. माहिती गोळा करण्याच्या कामी माझ्यासारखे निवृत्त शिक्षक आणि गावोगावचे माजी विद्यार्थी विनामूल्य साहाय्य करतील, याची मी खात्री देते. येत्या कार्तिक पौर्णिमेला पहिली यादी छापायची असेल तर देवस्थान समित्यांना भाद्रपदातच पत्रे जायला हवीत, आणि त्या पत्रांचा मसुदा मी सोबत वेगळ्या कागदावर जोडला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका,
मालवण